मागावरची पावलं

९ नोव्हेंबर
मंजू ७,४१२. म्हणजे ऑफिसला गेली, आणि येताना भाजीही तिनेच आणली असणार. मी १,१०६.
सहा महिने झाले, लेक माझ्याशी बोलत नाही. पण रोज किती चालली ते मला कळतं. गेल्या वर्षीच्या दिवाळीला तिनेच माझ्या फोनमध्ये ते ‘पाऊल’ नावाचं ॲप टाकून दिलं. आपण चालायचं, फोन मोजतो, आणि जाहिरातवाल्या कंपन्या त्यावर पाय नसलेल्या लेकरांना नकली पाय बसवून देतात. आपलं काही जात नाही. “बाबा, तुमची शुगरबी उतरंल आन कोनाचा पायबी होईल,” म्हणाली होती. दोघांचा गट केला, नाव ठेवलं ‘आपलं घर’.
एप्रिलात मी तिच्यासाठी स्थळ पक्कं करून आलो. तिने नाही म्हटलं. मे महिन्यात पुण्यात स्वतःच्या मनाने लग्न केलं. सौ. एकटी गेली, मी गेलो नाही. गट मात्र तिने मोडला नाही. मीही नाही.

१२ नोव्हेंबर
दुसऱ्या हातमागावर झाकलेली चादर आज काढली. खाली मंजूच्या लग्नाची साडी, कोशा रेशमाची, करवतकाठी, काठभर करवतीसारखे दात. स्थळ ठरलं तेव्हा लावली होती, ती नाही म्हणाली तेव्हापासून अर्धी पडून. करवतीला काठापाशी दुसरा माणूस बसावा लागतो, आडव्या धाग्याचा धोटा झेलून परत द्यायला. दहा वर्षांची होती तेव्हापासून ते काम मंजूचं.
सौ.ला म्हटलं, बस.
“आता काहून? लगन तं झालं तिचं.”
मी धोटा पुढे केला. बसली बिचारी. नजर कमी झाली आहे तिची.

१५ नोव्हेंबर
मंजूचा वाढदिवस. सकाळपासून उगीच वाटत होतं, फोन येईल. माझा हात काही तिचा नंबर लावेना. एरवी फोन कोनाड्यात असतो, आज पायजम्याच्या खिशात घेऊनच मागाच्या खड्ड्यात उतरलो. फोन आला नाही.
संध्याकाळी पाहतो तर माझी ११,८४०! दिवसभर घराबाहेर पडलो नाही. पाय आपले मागाच्या पावड्या दाबत होते, आणि फोनला वाटलं म्हातारा निघाला रामटेकला. एकटाच हसलो.
मग खाली दिसली टाळी. गटातल्या माणसाला टाळी देता येते, त्याचं एक बटण आहे. मंजूने दिलेली. सहा महिन्यांतली पहिली. किती वेळा पाहिली ते लिहीत नाही.

१६ नोव्हेंबर
फोन आज ‘चुकून’ खिशात. १०,९०२. टाळी.

१९ नोव्हेंबर
सौ.ने पकडलं.
“लेकीले ठकवून राहिले तुमी. आन त्या बिनापायाच्या लेकरायलेबी.”
राग आला. खरं बोलली म्हणून आला. चालण्याचं पुण्य आहे ते, खड्ड्यात बसण्याचं नाही. पण ती टाळी सोडवत नाही मला.
तोड काढली आहे. मागावर जेवढी पावलं पडतील, तेवढी रोज पायी चालायची. आणि चालताना फोन घरी ठेवायचा, नाहीतर तीही मोजली जातील.

२४ नोव्हेंबर
तलावाच्या पाळीवर पाचवा दिवस. धान कापलेल्या शेतांच्या बांध्या दूरवर मोकळ्या. तोंडाने मोजत चालतो, हजारावर गेलं की गोंधळ होतो, मग परत एकपासून. पाळीवर शेजारी भेटला. “का जी, पायदलच साकोलीले निघाले का?”
सांगितलं, डॉक्टरने सांगितलंय. तेही खोटं नाही. डावा गुडघा बोलायला लागला आहे.

२८ नोव्हेंबर
मंजू ३१२. काल ४०५.
फोन बिघडला असेल.

३० नोव्हेंबर
मंजू ९०. टाळी मात्र रोज येते. म्हणजे फोन धड आहे. दिवसाला सात हजार चालणारी पोर.
सौ.च्या बटणाच्या फोनवर तिचा फोन येतो, मला माहीत आहे. विचारलं, बरी आहे ना ती? “हाये.” मग चालत का नाही? “मले काय मालूम,” म्हणून चुलीकडे गेली. जाताना डोळ्याला पदर. जेवण गेलं नाही.

२ डिसेंबर
शेवटी मागावरच बोलली. धोटा हातात धरून ठेवला, परत देईना.
“तिसरा महिना लागला तिले. डॉक्टरनं खाटेवरून उतरू नको म्हनून सांगितलं. तुमाले सांगू नको म्हने.”
मला ताण्याचे उभे धागे दिसेनात.
“रोज इचारते, बाबाचं चालनं सुरू हाये ना? पडल्या पडल्या तुमचीच पावलं पाहत राह्यते म्हने.”
मग धोटा दिला. पुढे चार बोटंसुद्धा विणलं गेलं नाही. पोर तिकडे खाटेवर पडून माझी पावलं पाहते, आणि ती पावलं असली. मला तिची फार आठवण येते. इथे तरी लिहावं.

३ डिसेंबर
फोन लावला. एक रिंग गेली आणि मीच बंद केला. काय बोलणार? ती पावलं मागाची आहेत. तुझी साडी विणतो आहे. माझं चुकलं. तीनच वाक्यं, पण आधी कोणतं…

७ डिसेंबर
एक वीत उरली. सौ.कडून धोटा उशिरा आला आणि करवतीचा एक दात मोडला. मंजूने जिथपर्यंत झेलला तिथपर्यंत काठ कसा सरळ, पुढे सौ.चा वाकडातिकडा. कुठून पोर नव्हती ते साडीवर बोट ठेवून दाखवता येतं. व्यापाऱ्याने परत केली असती. उसवली नाही. राहू दे.

१० डिसेंबर
साडी उतरवली. सौ.ने घडी घालून उशाशी ठेवली.

११ डिसेंबर
माग रिकामा. गुडघा सुजला म्हणून पाळीवरही गेलो नाही. फोन दिवसभर कोनाड्यात पडून. दिवे लागायच्या वेळेला पाहिलं. मी ०. मंजू ०. आणि खाली टाळी.
सौ.ला दाखवलं. आज तर मी काहीच केलं नाही, मग टाळी कशाची?
“तुमाले नाई समजत तं कोनाले समजंल?”
तिच्या शून्यावर मीही बटण दाबलं. इतक्या दिवसांत मी एकदाही दिली नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. लगेच तिकडून दुसरी आली. मग माझी. मग तिची.
सौ.ने साडी पिशवीत घालून दाराशी नेऊन ठेवली. “भंडाऱ्याची बस साडेसहाले हाये सकाळी. तिथून पुन्याची गाडी भेटंल.” गुडघ्याला तेल चोळतो आहे. फोन मांडीवर आहे, अजून शून्यच दाखवतो. आज आम्ही बापलेक दोघंही कुठे गेलो नाही.