पुण्याचा आवळा

मु. वाडी, ता. पाटोदा
५ नोव्हेंबर २०२५

चि. तेजश्रीला आजीचा भरभरून आशीर्वाद.

तर माझ्या आवळीभोजनाला सगळ्यात आधी कोण आलं, तर साखराअक्का! माझी थोरली जाऊ. मळ्याच्या वाटणीत जुना आवळा तिच्याकडं गेला आन् कार्तिकात त्याच्याखाली जेवायला तिनं मला बोलावलं न्हाई, तवापासून अकरा वर्सं आमची बोलाचाली बंद. आन् काल मी न बोलावता डबा घेऊन दारात उभी. माझ्या हातातला तांब्याच पडला.

तू मिरगात बियांचं पाकीट दिलंस, त्याच्यावर तुझ्या अक्षरात 'आवळा' लिवलेलं. परसात चार आळी केली, भांडी घासल्यालं पाणी घातलं. चार महिन्यांत फळं! प्रत्येक फळ कागदी पिशवीत बसल्यावानी. मला वाटलं, पुण्याचा माल असाच बांधून येत असंल. लई हरखले. गल्लीला सांगून बसले, औंदाचं आवळीभोजन माझ्या आवळ्याखाली.

सात जणी आल्या धपाटे, येसराची आमटी घेऊन. शेजारची मनिषा इचारती, आजी, झाड कुठंय. झाड माझ्या कमरेला. खाली कोंबडी बसंल, लई झालं. अक्का वाकली, एक फळ सोललं आन् म्हणली, बायने, ही तर चिरबोटी.

जन्मभर खुरपून बांधावर फेकलेलं तण मी पाणी घालून वाढवलं गं. पुढचं मागनं लिवीन. तू आधी सांग, कावून असं केलंस?

फोन करू नको. मला फोनात ऐकू येत न्हाई आन् गल्लीला सगळं ऐकू जातं.

तुझी आजी
बायनाबाई

पुणे
९ नोव्हेंबर २०२५

ती. आजीला, दोन्ही पायांवर डोकं ठेवून.

तुझं पत्र मिळालं. चूक माझी. पाकिटावर इंग्रजीत 'केप गूजबेरी' होतं. मोबाइलला अर्थ विचारला, त्यानं आवळा सांगितला, मी तोच लिहून दिला. ती रसभरी आहे, तुझ्या चिरबोटीची थोरली बहीण म्हण. इथं तिला डबीत घालून मिरवतात.

पण साखराआजी? अकरा वर्षांनी? मग काय झालं? ती हसली का? चारचौघींत माझ्यामुळे तुझी मान खाली गेली, घास उतरत नाही मला. राग धरू नकोस, लगेच लिही.

तुझी
तेजश्री

मु. वाडी
१३ नोव्हेंबर २०२५

चि. तेजेला अनेक आशीर्वाद, आन् आधी पोटभर जेव.

सगळ्या हसल्या, मनिषा तर डोळे पुसत हसली. अक्का तेवढी हसली न्हाई. म्हणून मीच टोचलं, हसायलाच आलतीस ना. तर म्हणली, "माझा आवळा मागच्या वर्सीच वाळला, बायने. तुझ्याकडं हाय ऐकलं, म्हणून आले."

तेजे, तिच्या मळ्याच्या बांधाला मी अकरा वर्सं पाय लावला न्हाई, मला काय ठावं. ती वाळल्या झाडाखाली एकटीच जेवली म्हणं. मला बोलवायचं तिच्या तोंडातून निघालं न्हाई, मला जायचं सुचलं न्हाई.

मग मी सावलीला जुनं लुगडं चार काठ्यांवर बांधलं. रोपाखाली बसता येईना तर रोपाभवती बसलो. अक्कानं नऊ चिरबोट्या खाल्ल्या, मी मोजल्या. गोड हाय म्हणली, तण असूनशान.

जुन्या आवळ्याच्या बुडाशी बीचं रोप उगवलंय, ते माझ्या परसात लावायचं म्हणती. फळाला सात-आठ वर्सं. मी म्हणलं, तवर आपण दोघी राहू का. ती म्हणली, तवर चिरबोटी हाय की.

तुझ्या चुकीवर माझा लई जीव बसलाय. अशीच माया असू दे, मोबाइलला मात्र जरा कमी इचारत जा.

तुझी आजी
बायनाबाई

ता.क. अक्काचा ल्योक-सून ऐतवारी ऊसतोडीला जाणार, घरात ती एकटीच. मी खड्डा आजच करून ठेवलाय. रोप घेऊन येते म्हणली हाय, सोमवारी.