पायाखालचं घर

पिंप्राळा, जळगाव
३ मार्च २०२४

तीर्थरूप अक्का,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर वाचायचा तुला कंटाळा, म्हणून तुझ्यापायी मला पुन्हा पेन धरावं लागतं. अक्षराला हसू नकोस.

मोठी बातमी ही की घराचं काम एकदाचं संपलं. आबांनी बांधलेलं आपलं घर आता तुला ओळखू येणार नाही. मधली भिंत काढून बैठक आणि स्वयंपाकघर एक केलं. पुढे नवं फाटक, आणि फाटकापासून मागच्या दारापर्यंत एकसारखी पांढरी फरशी, कुठे जोडसुद्धा दिसत नाही. उंबरठे सगळे काढले. पुढचा ओटा गेला, तिथे आता गाडी उभी राहते. नीलेश पुण्याहून येऊन बघून गेला. म्हणाला, बाबा, हे आपल्या कॉलनीतलं घर वाटतच नाही. मुलाने बापाचं कौतुक करावं असे प्रसंग थोडे, म्हणून लिहिलं.

खरं तर हे सगळं मंदासाठी. तिच्या डोळ्यांचं तुला माहीत आहे. काचबिंदूने नजरेच्या कडा खाल्ल्या. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येणार नाही, उरली ती औषधाच्या थेंबांवर सांभाळायची. तेव्हापासून माझ्या मनात एकच धास्ती, की ही कधीतरी उंबरठ्याला अडखळून पडणार. काम चालू होतं तोवर तिला पहूरला तिच्या भावाकडे ठेवलं आणि घर तयार झाल्यावरच आणलं. दारात उभी राहून छान झालं म्हणाली. आल्यापासून जरा गप्प असते. खिडकीजवळच्या सोफ्यावर बसून राहते. माहेरची सवय सुटायला वेळ लागत असेल.

पुढच्या आठवड्यात सत्यनारायण करायचा आहे. तू यायचंच.

तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा,
अभिमन

*

देवपूर, धुळे
११ मार्च २०२४

चि. अभिमन,
अनेक आशीर्वाद.

गुडघ्याने दगा दिला, पूजेला येणं झालं नाही. प्रसादाचा शिरा मात्र तू इकडे पाठवला नाहीस, हे मी लक्षात ठेवलं आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. फरशीचं वर्णन भरपूर आणि मंदा म्हणाली काय, तर छान झालं. एवढंच? ही तीच मंदा ना, जी लोणच्यात मीठ कमी पडलं तर दिवसभर त्यावर बोलायची?

वाचता वाचता जुनं घर डोळ्यापुढे आलं. आबा एस.टी.च्या यावल डेपोत ड्रायव्हर. एकदम सगळी फरशी आणणं शक्य नव्हतं. कुणाचं बांधकाम संपलं की तिथली उरलेली फरशी ते मागून आणायचे. म्हणून बैठकीत लाल-पिवळ्या ठिपक्यांची मोझॅक, मधल्या खोलीत शहाबादी, मोरीपाशी खरखरीत दगड आणि स्वयंपाकघरात आईने स्वतः बसून घोटून घेतलेला तांबडा कोबा. पाहुणे आले की आईला लाज वाटायची, घर आहे की गोधडी म्हणायची. आपल्याला मात्र कसली लाज! वैशाखात दुपारी शहाबादीवर पोट टेकून पडायचो. बिबड्या-पापडांचं ज्वारीचं पीठ चुलीवर हाटायला आई पहाटे उठली की कोब्यावर तिच्या पावलांचे ओले ठसे उमटायचे. आणि आंधळी कोशिंबीर खेळताना डोळ्यांवर रुमाल असून तू कधी कुठे आपटला नाहीस. तुझ्या पायांना सगळं घर पाठ होतं.

फरशा काढल्या त्या कुठे टाकल्या? मोझॅकचा एखादा तुकडा असला तर माझ्यासाठी ठेव.

मंदाला माझे आशीर्वाद सांग. आणि ती गप्प का, ते तिच्याजवळ बसून विचार.

तुझी,
अक्का

*

पिंप्राळा, जळगाव
२ एप्रिल २०२४

तीर्थरूप अक्का,
सा. न. वि. वि.

तू विचार म्हणालीस आणि मी आज विचारीन, उद्या विचारीन करत राहिलो. मग व्हायचं ते झालं.

शनिवारी मी गाडी घेऊन भाजी आणायला गेलो होतो. मंदा घरात एकटी. तिला पाणी प्यायचं होतं, म्हणून ती सोफ्यावरून उठली आणि स्वयंपाकघराकडे निघाली. निदान तिला तसं वाटलं. चालत राहिली, चालत राहिली. पायाला उंबरठा लागला नाही, फरशी बदलली नाही, आणि दार-फाटक दोन्ही मी उघडी टाकून गेलो होतो. अंगावर ऊन आलं तेव्हा ती रस्त्यावर होती. एका स्कूटरवाल्याने कसाबसा ब्रेक मारला. समोरच्या भागाबाई धावल्या, त्यांनी हाताला धरून तिला आत आणलं. मी आलो तर मंदा दारातच खाली बसलेली, हात फरशीवर टेकलेले. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. पण मला बघून तिने जे म्हटलं ते कानातून जात नाही. पहूरच्या बोलीत म्हणाली, मले माह्यंच घर सापडत नाही.

अक्का, तिची नजर ती सांगत होती त्याहून फार उतरली आहे. मला काळजी नको म्हणून बोलली नाही. इतकी वर्षं ती पायांनी घर बघत होती. गुळगुळीत लागलं की बैठक, गार लागलं की मधली खोली, उंबरठा ओलांडला की चूल. तुझ्या पत्रात ते लिहिलेलंच होतं, आणि मी ते लहानपणची गंमत म्हणून वाचलं. ज्या उंबरठ्यांची मला भीती वाटत होती, त्यांना धरूनच ती चालत होती.

आता म्हणते, मला पहूरला पोचवा. भावाचं घर जुनं आहे, तिथे मी कुणाचा हात न धरता फिरते. नीलेश म्हणतो, आई-बाबा दोघंही पुण्याला या, फ्लॅटमध्ये बाई ठेवू. लग्न होऊन या घरात आलेली बाई या घरातून निघायचं म्हणते, तेही माझ्या हौसेपायी. परवा मी चिडून मिस्त्रीला फोन केला आणि सांगितलं, सगळं उखडून टाक.

काय करू ते लिही.

तुझा,
अभिमन

*

देवपूर, धुळे
८ एप्रिल २०२४

चि. अभिमन,
अनेक आशीर्वाद.

मिस्त्रीला थांबव. आधी न विचारता बांधलंस, आता न विचारता पाडू नकोस.

तुला एक सांगते, जे इथे घरात सोडून कुणाला माहीत नाही. मला ऐकू येईनासं झालं तेव्हा सुनेने माझी खाट मागच्या खोलीत नेली. सासूबाईंना शांत पडता यावं म्हणून. पोरीचं मन चांगलं. पण पुढच्या खोलीत मला माणसांची ये-जा दिसायची, कोण हसलं, कोण रुसलं ते कळायचं. मागे नुसती भिंत. इतकं प्रेमाने केलंय तर नको कसं म्हणू, म्हणून कितीतरी दिवस भिंत बघत पडून राहिले. शेवटी एकदा रडूच आलं, तेव्हा बोलले. त्याच संध्याकाळी खाट पुढे आली आणि सून माझ्याहून जास्त रडली. मंदा का बोलली नाही, ते मला कळतं.

आबांचं घर परत मांडायचा हट्ट धरू नकोस. ते आपल्या लहानपणाचं होतं, आपल्याबरोबर संपलं. मलाही त्याची आठवण येते, पण त्यात राहायचं मला नाही, मंदाला आहे. तिला कुठे काय हवं ते तिला सांगू दे. आणि ती एवढं करूनही पहूरला जाते म्हणाली, तर तूही बॅग भर. तिच्या भावाच्या घरात तुझ्यापुरती जागा असेल.

रागावून लिहिलेलं नाही, माझं अक्षरच तसं आहे.

तुझी,
अक्का

*

पिंप्राळा, जळगाव
२० मे २०२४

तीर्थरूप अक्का,
सा. न. वि. वि.

विचारलं. पहिल्यांदा काही नाही, राहू द्या म्हणाली. मी शेजारी बसूनच राहिलो. मग म्हणाली, आधी पायातल्या चपला काढा. माझ्या खांद्यावर हात ठेवून तिने मला माझ्याच घरातून हिंडवलं. इथे मला कळायला हवं की चूल आली. इथे कळायला हवं की ओल आहे. आणि इथे, फाटकाच्या आत, पायाला काहीतरी बोचायला हवं, की पुढे रस्ता आहे. सुकदेव मिस्त्री मागे खडूने खुणा करत होता.

स्वयंपाकघराला सागाचा उंबरठा बसला. मोरीपाशी खरखरीत दगड, मागच्या दाराशी शहाबादी, फाटकाच्या आत बारीक खडी. पुढचा ओटा पुन्हा बांधला, गाडी रस्त्यावर उभी असते. पांढऱ्या फरशीत हे सगळं ठिगळासारखं दिसतं. परवा नीलेशने फोटो बघितले आणि विषयच बदलला. माझं काही बिघडलं नाही.

मधली भिंत मात्र परत नको म्हणाली. ती भिंत गेल्यामुळे दुपारचा उजेड आतपर्यंत येतो आणि तेवढा तिला अजून दिसतो. माझ्या सगळ्या कामात तिला मनापासून आवडलेली तेवढी एक गोष्ट. तरी अजून त्या जागेवरून जाताना तिचा हात भिंत शोधायला वर येतो, हवेत थांबतो आणि खाली जातो. ते बघवत नाही. पण होईल सवय, तिलाही, मलाही.

मोझॅकचा तुकडा तुला देता येणार नाही. तो राडारोडा नव्या कॉलनीत एका प्लॉटच्या भरावाला गेला होता. मी शोधत गेलो, तर वर पाया उठला होता. नवराबायको उभे राहून पाणी मारत होते. बाईने मला विचारलं, काका, काही हरवलंय का. नाही म्हणालो आणि आलो.

पहूरचं नाव मंदाने पुन्हा काढलेलं नाही. तिला तुला काही लिहायचं आहे. मी लिहून देतो म्हटलं तर नको म्हणाली. ओळी एकमेकींवर चढल्या आहेत, सांभाळून वाच.

तुझा,
अभिमन

*

ती. अक्कांना,
मंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

ह्यांनी काय काय लिहिलं ते मला वाचून दाखवलेलं नाही. रडकं लिहिलं असेल तर निम्मं सोडून द्या.

आता हे मला प्रत्येक गोष्ट विचारतात. कॅलेंडर कुठे टांगू, डबा कुठल्या फळीवर ठेवू, पंखा किती करू. काल म्हटलं, आता एखादी गोष्ट आपल्या मनाने करा बाई! पण बरं वाटतं. इतक्या वर्षांत एवढं कुणी विचारलं नव्हतं.

आज सकाळी मी पुढच्या ओट्यावर शेगडी मांडून वांगी भाजायला बसले. गॅसवर भाजलेल्याचं भरीत मला गोड लागत नाही. भागाबाई येऊन बसल्या, त्यांच्या मागून आणखी दोघी आल्या. फाटक लावल्यापासून त्यांना आत यायला संकोच वाटत होता म्हणे. उठून मी एकटीच आत गेले, तेल-मीठ घेऊन बाहेर आले. कुठे थांबले नाही. हे दारात श्वास रोखून उभे होते, ते मला दिसलं नाही, पण कळलं.

डॉक्टर म्हणतात, उरलेली नजरही हळूहळू जाईल. जाऊ दे. आता मला भीती वाटते ती परक्या घराची, या घराची नाही.

गुडघा बरा झाला की या. तुम्हाला ऐकू येत नाही, मला दिसत नाही. आपण दोघी ओट्यावर बसू, तुम्ही मला कोण आलं ते सांगा, मी तुम्हाला ते काय बोलले ते सांगेन. ह्यांना आत चहा करू दे.

तुमची,
मंदा