डावी बाजू

ठमे,

हेडफोन घेऊन दुकानात तिसऱ्यांदा भांडायला जाऊ नकोस. डावी बाजू वाजत नाही म्हणून मीच बोंब मारली, आणि तू त्या बिचाऱ्या दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करून दोनदा बदलून आणलास. आज तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी तो उलटा घातला. तरी डावीकडे सामसूमच! म्हणजे बिघडलाय तो माझा कान. वीस वर्षं पत्रा कापायचं मशीन त्याच बाजूला धडधडत होतं. कानात घालायला बोळे मागितले की मालक हसायचा, आणि मी गाढवासारखा त्याच्याबरोबर हसायचो.

कानाच्या डॉक्टरकडे चाललोय. मागे येऊ नकोस, तुझी मुलाखत आहे. मुकाट्यानं तिकडे जा.

हेडफोन स्वस्तातला असला तरी आवाज खणखणीत आहे. आधी डोकं आवळायचा, पण तू आतून जुन्या मोज्याची गादी शिवलीस तेव्हापासून टोपीसारखा बसतो.

डबा ओट्यावर आहे. आणि आजपासून जेवताना माझ्या उजवीकडे बस. इतके दिवस तू बोलत होतीस आणि मी नुसती मान डोलवत होतो, ते सगळं पुन्हा सांग.

बाबा