वकिलाची रांगोळी

११ ऑक्टो. २००६, बुध.
म्युझियमच्या हेलनची ई-मेल. दिवाळीच्या वीकएंडला हॉलमध्ये रांगोळी काढाल का, मोर वगैरे चालेल. मोर! साताऱ्यात इतकी वर्षं माणसांचे चेहरे रांगोळीत काढले, बक्षिसं घेतली. निखिलच्या नोकरीपायी केंब्रिजला आले आणि आता मोर. दुपारी जाऊन जिन्याजवळचं ऑइल पेंटिंग दाखवलं: डब्लिनचा कुणी वकील, एकोणिसावं शतक, चित्रकार अज्ञात. काळा कोट, गळ्याशी पांढरे बँड. हाच काढीन म्हटलं. हेलन जरा थांबून हो म्हणाली.

१६ ऑक्टो., सोम.
आईचा फोन. बाबांची बायपास पुढच्या सोमवारी. दिवाळी संपेपर्यंतही थांबू नका म्हणालेत डॉक्टर. मी येते म्हटलं, तर बाबांनीच फोन घेतला. "तू येऊन काय करणार? वकील काढतेयस ना, तो पुरा कर." जन्मभर वकिली केलेल्या माणसाचा कोर्टातला आवाज. राग आला. तरी निखिलला तिकिटं बघायला लावली. सगळी फुल.

२० ऑक्टो., शुक्र.
कोट झाला. नुसता काळा ओतला की फरशीला भोक पडल्यासारखं दिसतं, म्हणून चार छटा. बँड मस्त. चित्रातल्या वकिलाची नजर मात्र थंड, समोरच्याचं काही ऐकून न घेणारी. चेहरा उद्या.

२१ ऑक्टो., शनि.
चेहरा झाला. गर्दी बरी. संध्याकाळी निखिल आला, बघतच राहिला.
"अगं, हे बाबा आहेत."
काहीतरीच, म्हटलं. मग जिन्यापाशी जाऊन पाहिलं. त्या चित्रातल्या नव्हेत, माझ्या रांगोळीतल्या भुवया बाबांच्या. डोळ्यांखालची सूजही त्यांचीच. माझं साम्य असं कधी चुकत नाही. लाज वाटली. घरी येऊन खूप रडले.

२२ ऑक्टो., रवि.
बंद व्हायच्या वेळी हेलन ब्रश घेऊन आली. रांगोळी पुसताना एरवी काही वाटत नाही. कोट झाडून पिशवीत भरला. बँडपाशी हात थांबला. उद्या ऑपरेशन, आणि मी त्यांचा चेहरा झाडू? सांगून टाकलं, हे माझे वडील आहेत.
"कुणीतरी जवळचं असणार, वाटलंच होतं," हेलन म्हणाली. "आमच्या वकिलापेक्षा बरेच मायाळू आहेत."
सोमवारी म्युझियम बंद. मंगळवारी बघू म्हणाली.

२३ ऑक्टो., सोम.
सकाळी आईचा फोन. बाबांना आत नेताहेत, जाता जाता विचारताहेत, वकील कसा झाला.
म्हटलं, सांग, चेहरा हुबेहूब आलाय.
निखिल ऑफिसला गेला नाही. अजून फोन नाही.