खालची अक्षरं

९ जानेवारी, गुरुवार
कंपनीला सुट्टी. फ्रान्सच्या प्लांटवर जाण्याआधी कानाला सवय व्हावी म्हणून तिथले सिनेमे बघायला घेतलेत. आज पहिला. माणसं जेवली, भांडली, बराच वेळ गप्प बसली. वहीत नवे शब्द एकोणचाळीस. बोलताना ओळखू आले अकरा.

आठ फेब्रुवारीचं विमान. करार तीन वर्षांचा — घरी सांगितलंय एक. त्यावर आप्पांनी राहू गावच्या शंकररावांना शब्द देऊन टाकला. वर्षानं पोरगी आली की त्यांच्या सुदर्शनशी लग्न. मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही.

१६ जानेवारी
आई मेथीच्या जुड्या बांधत शेजारी येऊन बसली. सिनेमाच्या खालची इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नाहीत, म्हणून मी अर्थ सांगायला लागले.
"तू नगं सांगू. मला दिसतंय की."
पडद्यावरची बाई नवऱ्याला म्हणाली, बहिणीकडे जाऊन येते. आई जुडीला गाठ मारत म्हणाली, "खोटं बोलती."
चाळीस मिनिटांनी कळलं — तिला बहीणच नव्हती!
तो तुकडा मागे नेऊन तीनदा पाहिला. काही सापडलं नाही. आणि कंपनीत मी मायक्रॉनचा फरक पकडते. आईला विचारलं, कशावरून?
"लई सरळ बघत व्हती त्याच्याकडं."

१७ जानेवारी
जेवताना आप्पांनी विचारलं, पुढच्या फेब्रुवारीत येणं नक्की ना? नक्की, मी म्हणाले. सरळ त्यांच्याकडे बघून. आई भाकरी वाढत होती.

२३ जानेवारी
सिनेमा लावला नाही. आईने विचारलं, आज तुझ्या त्या बाया न्हाईत व्हय? डोकं दुखतंय म्हटलं. बरं, म्हणाली.
बॅग भरली. उपसली. पुन्हा भरली. बावीस किलो आठशे ग्रॅम.

३० जानेवारी
आज सांगणार होते. शंकरराव आले. आप्पांनी माझ्यासमोर पुन्हा शब्द दिला. मी कपबशा उचलल्या.

५ फेब्रुवारी
सकाळी उठले तर आप्पांची गाडी दारात नव्हती. आई पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली —
"वर्षाचं न्हाई, जास्तीचं हाय, असं म्याच सांगितलं त्यांस्नी. राहूला गेल्यात, शब्द माघारी घ्यायला. किती वर्षांचं, तेवढं आता तू सांग."