रेडिओच्या पाठीचं हळदकुंकू

आत्या, आज घरात पुन्हा तारांचा गोंधळ झाला. माझी सून आपल्या जुन्या टीव्हीला नवा व्हिडिओ प्लेअर जोडत होती. तारा तीन, लाल, पिवळी, पांढरी, आणि टीव्हीला भोकं दोनच. ती वैतागली आणि मला हसू फुटलं. "हसताय काय, आई?" म्हणाली. तिला काय सांगू? तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण असं काही झालं की सांगावंसं वाटतं ते माझ्या सासूलाच.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी नेवाशाहून लग्न होऊन केडगावला आले. रुखवतात करंज्यांच्या शेजारी भावाने पुण्याहून आणलेला रेकॉर्ड प्लेअर मांडला होता. बघायला गर्दी झाली खरी, पण त्या यंत्राला स्वतःचा आवाज नव्हता. रेडिओच्या पाठीमागच्या दोन भोकांत त्याच्या पिना खोचल्या तरच गाणं रेडिओतून ऐकू येणार. आणि रेडिओ तर तुमचा. सासऱ्यांनी घेतलेला, त्यांच्या माघारी तुम्ही तळहातावरच्या फोडासारखा जपलेला. तुमचं मन वळवता वळवता ह्यांच्या नाकी नऊ आले. शेवटी पिना खोचल्या, तर रेडिओ नुसता घूं करत राहिला. तुम्ही पिठाच्या हातांनी बाहेर आलात.

"बंद करा आधी. माजा रेडिओ बिघडला तर सांजचं कीर्तन कशावर ऐकू? आयतवारी हिचा भाऊ येनार हाय, त्याच्यासंगं धाडून द्या ते डबडं."

डबडं हा शब्द फार लागला. तुमच्या घरात भांडी तुमची, चूल तुमची, माझी म्हणून तेवढी एक वस्तू होती. तीच परत जायची म्हणजे मी इथे नुसती कामाला आले, असं वाटायला लागलं. त्या आठवड्यात भाकरीसुद्धा धड फुगत नव्हती माझी.

शनिवारी दुपारी तुम्ही स्वतःच रेडिओ पुसायला काढता. बटण बंद, तार काढलेली. मला म्हणता, "धर गं जरा." मी रेडिओ फिरवून धरते आणि पाठ उजेडात येते. दोन्ही भोकं तेलकट, लालपिवळ्या लगद्याने गच्च बुजलेली. तुम्ही बघतच राहता.

"अगं बया. हे तर मीच भरलंय."

खंडेनवमीला विळा, पाटा, शिवणयंत्र यांच्याबरोबर तुम्ही रेडिओचीही पूजा करायचात. पुढची काच खराब होईल म्हणून तेलाचं बोट आणि हळदकुंकू मागे, दर वर्षी, नेमाने. मी ओठ चावून हसू दाबलं, पण तुम्हीच आधी हसलात, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग डोक्यातला आकडा काढलात आणि ती भोकं कोरत बसलात. मी चिंधीने पुसत होते. तुमच्या इतक्या जवळ मी पहिल्यांदाच बसले होते.

संध्याकाळी गवळण लागली, खणखणीत. कीर्तनाची वेळ झाली तरी तुम्ही उठला नाहीत. "दुसरी बाजू लाव," एवढंच म्हणालात.

रविवारी भाऊ आला. ह्यांनी निरोप धाडला होता, म्हणून त्याने आल्या आल्या यंत्राला हात घातला. तुम्ही चहा घेऊन बाहेर आलात.

"राहू द्या तितंच. ते नांदायला आलंय, न्यायचं न्हाई."

भाऊ हसला. मी आत गेले आणि रडले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. ह्यांनाही कधी बोलले नाही. त्या रविवारी माझ्या लुगड्यांची पिशवी दाराआड भरून तयार होती. यंत्र गेलं असतं तर त्याच्यामागे मीही गेले असते, आत्या.