रोझीच्या दारातली तुळस

मंगळवार, संध्याकाळ

आठवीतल्या रोझीने निबंधात लिहिलं, आई रोज तुळशीला पाणी घालते. मी विचारलं, "तुमच्या दारात तुळस आसा काय गो?"

"नाय बाई, खुरीस आसा. पण तुमी फळ्यार तुळस लिवलात."

खरंच की, नमुना माझाच. इतकी वर्षं सगळ्यांच्या आया, दारात क्रूस असलेल्यासुद्धा, मी तुळशीपुढेच उभ्या केल्या? "तुझ्या दारातलं लिही," म्हटलं.

तिने मधल्या सुट्टीत लिहून आणलं: 'आई खुरसाकडे मेणबत्ती लावता. वारो इलो की हाताचो आडोसो धरून उबी रवता. पप्पा बोटीर आसत.'

लाल पेन उघडलं होतं, पण एक अक्षर खोडवेना. वर्गात तिलाच वाचायला लावलं. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरची सुप्रिया हळूच म्हणाली, "माजी आईय अशीच उबी रवता."